उजव्या कानाची नळी

११ जानेवारी २०२५, शनिवार

सीटी स्कॅनची डिस्क अखेर हातात आली. वसई पश्चिमेच्या केंद्रातल्या तंत्रज्ञाने पेशंटच्या नावाच्या जागी 'मगर' आणि वयाच्या जागी शून्य टाकलंय. केंद्राच्या डॉक्टरांनी अट घातली होती की कवटी चादरीत गुंडाळून मागच्या दाराने आणायची, पेशंट घाबरतात. आमच्या लॅबच्या बळीरामने ती लहान मूल धरावं तशी मांडीवर धरून आणली.

आमच्या प्राणिशास्त्र विभागात दाखवण्यासारखी वस्तू हीच एक. प्राणिसंग्रहालयात मेलेली मगर १९९२ साली कॉलेजला मिळाली, तिची कवटी. तीस वर्षं काचेच्या कपाटात पडून आहे आणि कोणालाही तिच्यात काही दिसलं नाही. ऑक्टोबरात माझी प्रोफेसरपदाची मुलाखत आहे. चांगल्या जर्नलमध्ये एक पेपर हवा. म्हणूनच ही डायरीही सुरू केली, कामाचा माग राहील.

मुलाखतीच्या समितीत एक तरी इतिहासवाला असतो. त्याला कळेल असं लिहून पाहतो: मगरीचे दोन कान एकमेकांपासून सुटे नसतात. दोन्ही पडद्यांमागच्या पोकळ्यांत हवा असते आणि त्या कवटीच्या आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. उजवीकडचा आवाज डाव्या पडद्याला बाहेरून लागतो तसा आतूनही लागतो, आणि त्या फरकावरून तिला दिशा कळते. शिवाय प्रत्येक कानातून एक बारीक नळी जबड्याच्या सांध्यापाशी खाली उतरते आणि खालच्या जबड्याच्या हाडात हवा नेते. या साऱ्या पोकळ्यांचा नकाशा काढायचा. बस.

ठीक वाटतंय. 'बस' काढावं लागेल.

२७ जानेवारी, सोमवार

स्कॅनमध्ये एक हजार एकशे चाळीस काप, म्हणजे छेदचित्रं, आहेत. प्रत्येक कापावर पोकळीची कड संगणकाच्या पेनने रेखायची, म्हणजे शेवटी संगणक त्या जोडून आकार उभा करतो. मी नऊ काप केले आणि मान धरली. एम.एस्सी.च्या मुलींना दिले तर त्यांच्या रेषा गोगलगाय चालल्यासारख्या.

शेवटी बळीरामला बसवलं. बळीराम आमचा लॅब अटेंडंट, मुलं त्याला मामा म्हणतात. सप्टेंबरअखेर निवृत्त होतोय. जूचंद्रचा माणूस, म्हणजे हातात रांगोळी आलीच; दिवाळीत गावच्या शाळेत माणसांचे हुबेहूब चेहरे काढतो. एकदा दाखवलं आणि त्याने पहिलाच काप असा काढला की मी मोठा करून पाहिला तरी कड हाडावरून सुटली नव्हती. ही कवटी साफही त्यानेच केली होती, नोकरीच्या सुरुवातीला. रोज कॉलेज सुटल्यावर साडेसहापर्यंत थांबायला तयार झाला.

मी म्हटलं, तुमचं नाव पेपरात येईल. "छापून?" त्याने विचारलं. मी म्हटलं, छापून. पेन पुन्हा हातात घेण्याआधी तो जाऊन साबणाने हात धुऊन आला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

झालं. एकोणीस दिवसांत सगळे काप झाले. संगणकावर आकार उभा राहिला, निळा, आल्याच्या गड्ड्यासारखा, बोटं फुटलेला. फिरवत होतो आणि थांबलो. डाव्या कानातून जबड्याकडे उतरणारी नळी स्वच्छ दिसतेय. उजवीकडे ती नाहीच. जिथे भोक असायला हवं तिथे हाड भरलंय, आणि त्या हाडात बारीक, गोल पोकळ्या आहेत. सतरा मोजल्या.

मगरींच्या कानांवरचं सापडेल ते सगळं वाचलंय. एका बाजूची नळी अशी बंद झाल्याचं कोणी नोंदलेलं नाही. बळीराम मागे उभा राहून काहीतरी सांगू पाहत होता. मी त्याला घरी पाठवलं. अशा वेळी माणसाला एकटं राहू द्यावं हे त्याला कळत नाही.

घरी बायकोला, क्षितिजाला सांगितलं. ती बँकेतून नुकतीच आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, हे सगळं रेखलं कोणी? मी म्हटलं, बळीरामने. पण पाहिलं मी.

३ मार्च, सोमवार

बळीरामने दार लोटून घेतलं आणि उभाच राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"सर, उजवी नली आपसूक बुजलेली नाय. मी बुजवलीय."

१९९४ च्या प्रदर्शनात त्या वेळचे विभागप्रमुख कवटी घेऊन जिना उतरत होते. त्यांना हा अजून 'मोठे सर' म्हणतो. त्यांचा पाय सरकला. कवटीचा उजवा सांधा फुटला. त्याने तुकडे जुळवले, पकड यावी म्हणून भोकात प्लास्टर भरलं आणि रंग एकसारखा दिसावा म्हणून चहाचं पाणी लावलं. मोठ्या सरांनी सांगितलं, कुठे बोलू नकोस. एकतीस वर्षं बोलला नाही. मोठे सर २०११ साली गेले, तरीही नाही.

"आता तुम्ही छापनार म्हनून बोललो. त्या गोल गोल जागा, ते बुडबुडे हायत, सर. प्लास्टर कालवताना ऱ्हातात."

मी विचारलं, हे आणखी कोणाला माहीत आहे? म्हणाला, कोणालाच नाही. कुठे लिहिलेलं आहे? नाही.

डोक्यावरचा भारा उतरवून ठेवल्यावर माणूस जसा दिसतो तसा तो दिसत होता. ते पाहून मला त्याचा भयंकर राग आला.

४ मार्च, मंगळवार

शांतपणे विचार केला.

माणूस एकोणसाठचा आहे. गोष्ट एकतीस वर्षांपूर्वीची. प्लास्टर किती भरलं, कुठवर गेलं, हे त्याला आज नेमकं कसं आठवेल? सांध्याला थोडं लावलं असेल. आतलं भरलेलं हाडच असू शकेल. एका चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याच्या आठवणीवर विज्ञान चालत नाही. हे वाक्य चांगलं झालंय.

रसायनशास्त्रातल्या मार्सेलला नखभर चुरा दिला तर तो चहा पिता पिता सांगेल हाड की प्लास्टर. पण मार्सेलला सांगणं म्हणजे स्टाफरूमला सांगणं. दिला नाही.

संध्याकाळी बळीरामला बोलावून सांगितलं की मी तपासलं, हाडच आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग कपाटातल्या कवटीकडे पाहिलं. "बरं, सर," म्हणाला.

क्षितिजाला गंमत म्हणून सांगितलं की आमचे मामा मगरीच्या कानात प्लास्टर भरल्याचं म्हणतात. ती हसली नाही.

२२ मार्च, शनिवार

पेपर पाठवला. लेखक मी एकटा. गोल पोकळ्यांना नाव दिलं आहे, 'सूक्ष्म वायुकोश'. वय वाढतं तशी एका बाजूची नळी हाडाने बंद होते आणि मागे हे कोश उरतात, असं मांडलंय.

बळीरामचं नाव आभारांत घातलं होतं. रात्रभर विचार करून सकाळी काढलं. उद्या कोणी त्यालाच काही विचारलं तर तो काय बोलेल याचा नेम नाही. नाव नसणं त्याच्याच हिताचं आहे.

१९ जून, गुरुवार

पेपर स्वीकारला गेला. एका परीक्षकाने मधे विचारलं होतं, या नमुन्याची पूर्वी कधी दुरुस्ती झाली आहे का? मी कळवलं, विभागाच्या दप्तरी तशी नोंद नाही. हे अक्षरशः खरं आहे.

७ जुलै, सोमवार

छापून आला. प्राचार्यांनी सभागृहात शाल घातली. कॉलेजचं नाव साता समुद्रापार वगैरे बोलले. खुर्च्या बळीरामने मांडल्या होत्या.

त्याची नात खुशी यंदा आमच्याकडेच अकरावी सायन्सला आहे. कार्यक्रमानंतर दोघं माझ्याकडे आली. मुलीच्या हातात पेपरची झेरॉक्स होती, पानांचे कोपरे दुमडलेले. तिने शोध घेतला होता. तिने अदबीने विचारलं, "सर, आजोबांचं नाव कुठल्या पानावर आहे?"

मी म्हटलं, आंतरराष्ट्रीय जर्नलचे नियम असतात. तिने झेरॉक्सचं पहिलं पान पुन्हा उलटून पाहिलं. बळीराम म्हणाला, "आगं, तसं असतं त्यांच्यात," आणि तिला घेऊन गेला.

समजूतदार माणूस आहे. मला थोडं अवघडल्यासारखं झालं होतं, पण ते शालीमुळेही असेल. उकाडा फार होता.

१८ ऑगस्ट, सोमवार

कॉलेजच्या फाटकाशी गुडघाभर पाणी, सुट्टी जाहीर झाली. घरी बसून मेल उघडला.

परदेशातल्या एका संशोधिकेने स्कॅन मागवले होते. जर्नलचा नियम आहे, द्यावे लागतात. तिने लिहिलंय की माझे वायुकोश तंतोतंत गोल आहेत. हाड असे गोल बनवत नाही. कालवलेल्या पदार्थात अडकलेली हवा बनवते. भरलेला भाग शेजारच्या हाडापेक्षा वेगळा उजळ दिसतो. नमुना दुरुस्त केलेला असावा काय? भाषा अतिशय नम्र. प्रत संपादकांना.

क्षितिजालाही आज बँक गाठता आली नव्हती. तिने खांद्यामागून मेल वाचला.

"मामांनी तुला आधीच सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. लेखी नाही."

गॅसवर दूध होतं, ते बघायला ती गेली आणि परत या खोलीत आली नाही. मला वाटतं तिला प्रकरणाची गुंतागुंत कळली नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

मार्सेलला चुरा दिला. त्याने सकाळीच सांगितलं, प्लास्टर ऑफ पॅरिस. नंदाखालच्या वाडीतली सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, त्याने टेबलावर ठेवली होती, एक पानातून सोडवून मला दिलं आणि म्हणाला, "फेब्रुवारीत दिला असतास तर फेब्रुवारीतच सांगितलं असतं."

मुलाखत ऑक्टोबरात. पेपर मागे घेतला गेला तर मुलाखतही गेली. संपादकांशी बोललो. ते म्हणतात, कवटीच्या डागडुजीची माहिती लेखकापासून दडवली गेली होती असा पुरावा असेल तर पेपर मागे न घेता दुरुस्तीची टीप छापता येईल. कवटीच्या नकाशाचा बाकीचा भाग चांगला आहे, तो राहील.

बाकीचा भाग म्हणजे बळीरामच्या रेषा. त्यांना कोणी नाव ठेवलेलं नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

गणपतीच्या सुट्ट्यांआधी हे उरकायचं होतं. बळीरामला केबिनमध्ये बोलावलं, मसुदा पुढे ठेवला आणि सांगितलं, हे स्वतःच्या अक्षरात उतरवा, फाइलला लागतं.

त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं.

"सर, 'माझ्या हातून पडली' असं कशाला? माझ्या हातून नाय पडली."

मी म्हटलं, मोठे सर आज हयात नाहीत. त्यांच्या पत्नी ऐंशीच्या घरात आहेत. या वयात त्यांना हे ऐकवायचं का? तो विचारात पडला. मोठ्या सरांचं नाव काढलं की तो असाच मऊ होतो.

"आनि मी तुम्हाला मार्चमधी सांगितलेलं, ते कुठं लिवू?"

"ते लिहायची गरज नाही."

त्याने पेन उचललं नाही. मग मी एवढंच म्हटलं की कवटी कॉलेजच्या मालमत्तेच्या, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरला आहे, मोडतोड झाली तर वसुलीचा प्रश्न येतो. आणि निवृत्तीच्या कागदांना लागणारा ना-देय दाखला विभागप्रमुख म्हणून मलाच द्यायचा आहे. धमकी नव्हती. आठवण करून दिली.

त्याने उतरवून काढलं. अक्षर इतकं देखणं की मसुदा छापलेला वाटावा. सही करून त्याने पेनचं टोपण लावलं, पेन माझ्या बाजूला सरळ ठेवलं आणि विचारलं, "सुट्टी मिलंल ना, सर? घरी गनपती येतो."

लगेच मंजूर केली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

टीप छापून आली. मजकूर असा: 'उजव्या नळीचे बंद होणे व तथाकथित वायुकोश हे १९९४ साली विभागातील परिचर श्री. बळीराम यांनी नमुना हाताळताना तो मोडल्यावर केलेल्या व कोणासही न कळवलेल्या दुरुस्तीमुळे दिसले. लेखकास याची कल्पना नव्हती.' पुढे त्याचं आडनावही आहे, बिनचूक.

प्राचार्यांना आता गप्प बसता येईना. त्याला मेमो दिला, चौकशी समिती नेमली. समितीत मी आहे. बातमी मुलांपर्यंत कशी गेली माहीत नाही, पण ती त्याला आता 'प्लास्टरमामा' म्हणतात. आज मधल्या सुट्टीत जिन्यावर कोणीतरी हाक मारली, आणि तो वळला. सवयीने वळला असेल.

खुशी चार दिवस प्रॅक्टिकलला नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

बळीराम निवृत्त झाला. चौकशी चालू असल्याने निरोप समारंभ ठेवता आला नाही. मार्सेलने स्वतःहून सुकेळ्यांची टोपली आणली होती, ती जिन्याखाली दोघांनीच खाल्ली, असं शिपाई सांगत होता.

जायच्या आधी त्याच्याकडून कवटीतलं प्लास्टर काढून घेतलं. दुसऱ्या कोणाला देणं धोक्याचं होतं. सुईने टोकरत तीन दिवस बसला. काम झाल्यावर मला बोलावून उजव्या बाजूच्या भोकात हलकी फुंकर मारली. डाव्या कानाच्या खाचेतून बारीक पांढरी धूळ उडाली. दोन्ही नळ्या सारख्याच आहेत. पुस्तकात असतात तशा.

मग किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. चौतीस वर्षांच्या किल्ल्या. कुठली कशाची, हे प्रत्येकीला चिठ्ठी बांधून लिहिलं होतं. मी म्हटलं, कागदपत्रं चौकशीनंतर. तो "हो" म्हणाला. खुशीचा दाखला आजच काढून नेला. नायगावला कुठेतरी कॉमर्सला घालणार आहेत.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मुलाखत झाली. दुरुस्तीच्या टिपेचा प्रश्न आलाच. मी सरळ सगळं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, चूक लक्षात येताच ती जगापुढे कबूल करणारे संशोधक दुर्मीळ असतात. निवड झाली.

पेढे नेले. क्षितिजाने देवापुढे एक ठेवला आणि खोका खाली वॉचमनला देऊन आली. हल्ली ती कॉलेजचं काही विचारत नाही. बँकेत कामाचा ताण असावा.

२४ नोव्हेंबर, सोमवार

गुजरातेतल्या एका संस्थेकडून पिल्लू मगरीची कवटी उसनी मिळाली आहे. स्कॅनही झाला, आठशे साठ काप. लहान वयात या पोकळ्या कवटीच्या मानाने केवढ्या पसरलेल्या असतात, ते दाखवायचं. नवा अटेंडंट चांगला आहे पण त्याचे हात कापतात. मुलींच्या रेषा पूर्वीसारख्याच.

चौकशीचा अहवाल अजून माझ्याकडे आहे, म्हणून बळीरामचे कागदही. त्याला फोन केला. दहाच्या ठोक्याला हजर. वाळला आहे. वाटेत भेटलेल्या मुलांनी हाक मारली असावी, कारण वर आला तेव्हा त्याची नजर जमिनीवर होती. चहा नको म्हणाला. हात धुऊन आला आणि कामाला बसला.

दोनशे बाराव्या कापात उजव्या नळीत एक करडा डाग आहे. वाळलेला पडदा असेल, माती असेल किंवा हाड असेल. मी अर्धा तास पाहिलं. वेगवेगळ्या उजेडात पाहिलं. खरं सांगायचं तर मला ठरवता आलं नाही. त्याला विचारलं, नळी उघडी आहे की बंद?

त्याने संगणकाच्या पडद्याकडे एकदाच पाहिलं. त्याला दिसलं, त्याच्या डोळ्यांवरून मला ते कळलं.

"तुम्हाला कशी पायजे, सर?"

मी म्हटलं, मला कशी हवी हा प्रश्न नाही, आहे कशी ते सांगा.

पेन हातात धरून तो वाट पाहत होता. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "तुम्ही सांगाल तशी काढतो," म्हणाला.

पिल्लात दोन्ही नळ्या उघड्या असतात हे माझ्या मांडणीत बसतं. मी म्हटलं, उघडी.

त्याने उघडी काढली. कड जराही हलली नाही.

साडेसहापर्यंत एकशे चाळीस काप झाले. दिवसभरात त्याने मधे एकदाही तोंड घातलं नाही. पूर्वी सतत काहीतरी सांगायला यायचा, ती खोड गेली आहे. असंच काम चाललं तर मार्चपर्यंत पेपर जाईल.